थोरल्या जावेची चाचणी

निघोज्यात वर्षाराणीला ओळखत नाही असं घर नाही, आणि त्यातल्या निम्म्या घरांनी कधी ना कधी तिची बोलणी खाल्लेली आहेत. बाई सरळ. पोटात एक नि ओठात एक असला प्रकार तिच्याकडे नव्हता. निदान धाकटी जाऊ प्राजक्ता त्या घरात येईपर्यंत तरी नव्हता.

ती मूळची कडूसची. बारावीचा निकाल लागला आणि महिन्याभरात दादासाहेबांशी लग्न लावून निघोज्याला आली. सासरची बरीचशी जमीन कंपन्यांत गेलेली, दादासाहेब त्याच कंपन्यांना पाण्याचे टँकर पुरवायचे. घरात बसून भिंती मोजायला नकोत म्हणून वर्षाराणी गावाशेजारच्या एका कारखान्यात लागली. आधी झाडझूड, मग खोक्यात माल भरायचं काम. एक दिवस माप तपासणारा माणूस रजेवर गेला आणि माल तर अडलेला. तेव्हा हिनं पदर खोचला, गेज हातात घेतलं आणि म्हणाली, "मी बघितलंय रोज. येतंय मला." खरंच येत होतं. त्याला आता चौदा वर्षं झाली.

कारखान्यात बुश बनायचे. बुश म्हणजे पोलादाची जाडजूड बांगडीच समजा. तिचं आतलं भोक चोवीस पॉइंट आठशे मिलिमीटर पाहिजे, आणि त्यात दहा मायक्रॉनपेक्षा इकडंतिकडं चालत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणं सोडाच, मनातही येत नाही. वर्षाराणीच्या बोटांना मात्र तो कळायचा. भोकात गेज घालायचं, वरच्या डायलवरचा काटा बघायचा. हा काटा अख्खं माप कधी सांगत नाही. किती जास्त झालं नि किती कमी, एवढंच सांगतो. त्यामुळे अख्ख्या लाईनवर बोलायची रीतच तशी पडली होती. "किती गं ताई?" "प्लस दोन." "आता?" "मायनस तीन." चोवीस पॉइंट आठशे दोन असं कुणी म्हणायचं नाही. वेळ विचारली तर कुणी साल सांगत नाही, तसंच हे. रजिस्टरमध्येही वर एकदा अख्खं माप लिहायचं आणि खाली नुसते आकडे, दोन, तीन, शून्य.

त्या रजिस्टरवर वर्षाराणीची सही झाली की माल गाडीत चढायचा, नाही झाली की साहेबसुद्धा हात चोळत बसायचे. घरात तिला कुणी काय विचारून करायचं नाही. भाजी कुठली करायची हेसुद्धा सासूबाई ठरवायच्या. पण कारखान्यात तिच्या एका शब्दावर मशीन थांबायचं. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते तिला पुरत होतं.

मग धाकट्या दिराचं, शेखरचं, लग्न झालं आणि प्राजक्ता आली. माहेर ताथवड्याचं, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पिंपळे सौदागरमधल्या एका सॉफ्टवेअरच्या कंपनीत. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करायची. वर्षाराणी पहिली शिफ्ट करून साडेतीनला घरी यायची, पायांचे तुकडे पडलेले असायचे, आणि सासूबाई, म्हणजे गवराबाई, दारातच तोंडावर बोट ठेवून उभ्या. "हळू बोल. धाकटी कामात हाय."

"मी काय खेळायला गेले व्हते का, आत्या?"

"तुझं हाताचं काम. तिचं डोक्याचं हाय, बाई."

हे वाक्य वर्षाराणीच्या काळजात जाऊन बसलं ते कायमचं. पाहुणे आले की गवराबाई सांगायच्या, "ही धाकटी, कॉम्प्युटर इंजिनेर." थोरलीकडे नुसती मान वळवायची. "ही कंपनीत जाती." चौदा वर्षांचं काम तीन शब्दांत आटपायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका प्राजक्ताभोवती बसायच्या, पोरांना कुठला कोर्स घालू म्हणून विचारायच्या, आणि वर्षाराणी आत चहाच्या कपबशा मांडत त्यांचं बोलणं ऐकायची.

बरं, प्राजक्ता वाईट असती तर काम सोपं होतं. पण ती मेली गुणाची. स्वतःचं ताट स्वतः घासायची. "ताई, तुम्ही बसा, मी टाकते चपात्या," म्हणायची आणि चपात्या गोल यायच्या. वर्षाराणीनं तिच्यात खोट शोधायचा जंगजंग प्रयत्न केला. सापडली ती एवढीच की बाई दुधावरची साय खात नाही. आता त्यावर भांडायचं तरी कसं? वर्षाराणी तिला नावानं हाक मारायची नाही. 'अगं' नाहीतर 'ए', आणि तिच्या माघारी 'आमची इंजिनेर'.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. मग एका सकाळी कारखान्याचे मॅनेजर दौलतराव लाईनवर आले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून रजिस्टर बंद. प्रत्येक मशीनला टॅब लावणार. माप टॅबमध्ये भरायचं, आणि भोक कापणारं टूल किती सरकवायचं ते सॉफ्टवेअरच मशीनला सांगणार. माणसानं डोकं लावायचं काम नाही." त्यांच्यामागून गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलेली, पाठीवर लॅपटॉपची सॅक घेतलेली प्राजक्ता आत आली. ते सॉफ्टवेअर तिनंच बनवलेलं होतं.

दौलतरावांनी तिला काचेच्या केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली, चहा मागवला. त्या केबिनमध्ये वर्षाराणी चौदा वर्षांत शंभरदा गेली असेल. तिला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं. गेज हातात तसंच धरून ती काचेतून बघत राहिली. घर घेतलंस ते घेतलंस, आता इथंही आलीस का, असं तिच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी रागाचं होतं.

तीन दिवस चाचणी ठरली. चाचणीपुरता टॅब मशीनला जोडलेला नव्हता. भरायचं आणि काय उत्तर येतंय ते बघायचं, एवढंच. प्राजक्ता स्वतःच म्हणाली, "साहेब, चाचणी ताईंनाच करू द्या. मापातलं त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही." मनापासून म्हणाली. वर्षाराणीला ते उपकारासारखं बोचलं.

पहिल्या दिवशी सकाळी सव्वानऊला वर्षाराणीनं पहिला बुश मोजला. काटा दोनवर. चौदा वर्षांची सवय. बोट आपसूक गेलं आणि तिनं टॅबवर नुसता २ टाकला. चौकट हिरवी झाली. नोंद घेतली, असं आलं. आणि खाली बारीक अक्षरांत उत्तर उमटलं, भोक २२.८०० ने वाढवा.

तिनं ते पुन्हा वाचलं आणि तिला सगळं लख्ख कळलं. सॉफ्टवेअरला अख्खं माप पाहिजे होतं. तिनं टाकलेल्या दोनचा अर्थ त्यानं दोन मिलिमीटरचं भोक असा घेतला होता. चोवीसचं पाहिजे नि दोनचंच आहे, तर वाढवा! एवढ्या भोकाच्या जागी दोन कसे येतील, हे विचारायची अक्कल त्या चौकटीला कुणी दिलीच नव्हती. टूल जास्तीत जास्त किती सरकवायचं याची हद्दही कुणी घातली नव्हती. जे टाकाल ते मुकाट्यानं गिळायचं. प्राजक्तानं आपल्या टेबलावर बसून दोनशे वेळा तपासलं असेल, पण दोनशे वेळा नीटनेटकं, अख्खं माप टाकून. लाईनवरची माणसं बोलतात कशी नि लिहितात कशी, हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं.

खोट शेवटी सापडली होती. धाकटीच्या लग्नानंतर सव्वादोन वर्षांनी.

"ताई, सगळं ठीक आहे ना?" प्राजक्तानं केबिनच्या दारातून विचारलं.

वर्षाराणीनं ती नोंद खोडली. तिच्या जागी २४.८०२ असं सबंध, सुबक टाकलं. "झकास हाय," ती म्हणाली.

उरलेल्या चाचणीत तिनं एकही आकडा अर्धा टाकला नाही. इतकं देखणं काम तिनं आयुष्यात केलं नसेल. तिसऱ्या दिवशी चाचणीच्या कागदावर तिनं नेहमीसारखी सही केली. मनात तिनं स्वतःला समजावलं होतं. काय होणार? पोरं नुसता दोन टाकतील, टॅब काहीतरी वेड्यासारखं दाखवेल, सगळे हसतील. दौलतराव म्हणतील, आपलं रजिस्टरच बरं. गवराबाईंना कळेल डोक्याचं काम कुणाचं ते. मला कुणी विचारलं का, की पोरं कसं लिहितात? नाही विचारलं. मग मी कशाला सांगू?

सोमवारी टॅब मशीनला जोडले. वर्षाराणीला शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं, मशीनपासून दहा पावलांवर. मशीनवर होता बाळू. बायको, दोन पोरी आणि म्हातारा बाप यांचा एकटा पोशिंदा. त्यानं बुश मोजला, टॅबवर बोट टेकवलं आणि पुढचा बुश लावून बटण दाबलं. त्यानं काय टाकलं हे वर्षाराणीला बघायची गरज नव्हती. ती मान खाली घालून आपला बुश पुसत राहिली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते लपवायला मान खाली.

मग तिनं मशीनचा आवाज ऐकला. टूल आपल्या रोजच्या जागी थांबलं नाही, पुढं सरकतच राहिलं. चौदा वर्षं तो आवाज ऐकलेला. त्याचा अर्थ तिच्या कानांना तिच्याआधी कळला. टॅब वेडंवाकडं दाखवेल एवढाच तिनं विचार केला होता. आजपासून मशीन त्याचंच ऐकणार, हे दौलतरावांनी सांगूनही त्या जळफळाटात तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"बाळू! मागं हो! मागं हो रे!"

बाळू उडी मारून मागं झाला. टूल बुशच्या भिंतीत घुसलं, कानठळ्या बसवणारा आवाज झाला, बुश पकडीतून सुटला आणि मशीनच्या दाराच्या काचेवर आदळला. काच आरपार तडकली. बाळूचं डोकं त्या काचेसमोरच होतं, अर्ध्या श्वासापूर्वी.

सगळी लाईन थांबली. माणसं धावली. बाळू खाली बसून नुसता आपले हात बघत होता. मग उठला आणि सगळ्यांदेखत वर्षाराणीच्या पाया पडायला वाकला. "ताई, तुमच्यामुळं वाचलो." दौलतराव म्हणाले, "वर्षाताई, शाब्बास. हे कुठल्या सॉफ्टवेअरला जमलं नसतं." त्यांनी तिला केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ज्या खुर्चीसाठी तिचा इतका जीव जळला होता तिच्यावर ती टेकली, आणि तिला शिसारी आली. स्वतःची.

संध्याकाळी घरी प्राजक्ता ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. वर्षाराणी चहा घेऊन गेली, कारण न जाणंही उघड दिसलं असतं. कप ठेवताना पडद्यावरची यादी तिला दिसली. चाचणीचा पहिला दिवस, नऊ वाजून सोळा मिनिटं. नोंद २. पुढं लिहिलेलं, खोडली. त्याच्या खाली २४.८०२.

खोडलेलंही ते यंत्र जपून ठेवत होतं.

प्राजक्तानं लॅपटॉप मिटला. "काही नाही ताई, जुनी यादी आहे." चहाचा कप उचलला. "तुम्ही होतात म्हणून बाळूदादा वाचले."

वर्षाराणी स्वयंपाकघरात येऊन कट्ट्याला धरून उभी राहिली. हिला कळलंय. उद्या सकाळी मीटिंग आहे, दौलतरावांसमोर ती लॅपटॉप उघडेल आणि झालं. चौदा वर्षं पाण्यात. रात्रीच्या भाजीत तिनं दोनदा मीठ टाकलं आणि गवराबाईंनी तेही बोलून दाखवलं.

सकाळी मीटिंगला प्राजक्ता उभी राहिली आणि तिनं लॅपटॉप उघडलाच नाही.

"चूक माझी आहे, साहेब. चौकटीत काहीही टाकलं तरी ती घेत होती. किती आकडा चालेल, किती नाही, हे मी घातलंच नाही. तपासलं तेही मला पाहिजे तसंच भरून तपासलं."

दौलतराव संतापलेले होते. "तुमच्या कंपनीला मी आजच कळवणार. हे काम तुमच्याकडं राहणार नाही. पण मला एक सांगा. तीन दिवस आमच्या वर्षाताई वापरत होत्या. त्यांना कसं सापडलं नाही?"

प्राजक्तानं थोरल्या जावेकडे बघितलंसुद्धा नाही. "त्यांना सापडण्यासारखं नव्हतं, साहेब. त्यांचा काही दोष नाही."

सुटली होती वर्षाराणी. शांत बसली असती तर संध्याकाळी नेहमीसारखी घरी गेली असती. जाऊ कामावरून गेली असती आणि ही लाईनवर राहिली असती, शाब्बासकीसकट. एवढ्या दिवसांत जे जे मागितलं ते सगळं समोर ठेवलेलं होतं.

पण नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथंच. सापडण्यासारखं नव्हतं? मला? ज्या बाईला आवाजावरून मायक्रॉन कळतो तिला नव्हतं सापडण्यासारखं? आणि वर हिनं मला पाठीशी घालायचं? शिक्षण हिचं, कौतुक हिचं, गोल चपात्या हिच्या, आणि आता मोठं मनही हिचंच? काही म्हणजे काहीच माझ्या वाट्याला ठेवायचं नाही का हिनं?

आता कुणी म्हणेल तिला पश्चात्ताप झाला. झाला होता, बाळूचं डोकं आणि ती तडकलेली काच रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. पण ती उठून उभी राहिली ती पश्चात्तापानं नाही, जळून उठली. माणूस कशाच्या जोरावर खरं बोलेल याचा नेम नाही.

"सापडलं व्हतं," ती म्हणाली. "पयल्या मिन्टाला सापडलं व्हतं."

दौलतराव खुर्चीतून अर्धे उठले.

"मीच टाकला व्हता दोन. त्यानं बावीसनं वाढवा म्हणून सांगितलं. मी वाचलं, मला कळलं, आन् मी खोडून टाकलं. हिची फजिती व्हावी म्हणून. मशीन असं करंल हे ध्यानात आलं न्हाई. पण गप बसले ती मी. बाळूला मी वाचवला न्हाई, साहेब. मीच त्याला तिथं उभा केला व्हता."

बाळू दारात उभा होता. तो नुसता खाली बघत राहिला, आणि ते तिला शिवीपेक्षा लागलं.

दौलतरावांनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. म्हणाले, "महिनाभर लाईनवर यायचं नाही. गेजला हात लावायचा नाही. पुढचं पुढं बघू."

"साहेब," प्राजक्ता म्हणाली, "काम तुम्ही मला परत द्याल की नाही माहीत नाही. दिलंत तर हा महिना ताई मला द्या. मला सगळं नीट भरणारं माणूस नकोय. माझ्या कामात खोट काढायची ज्यांना मनापासून हौस आहे असं माणूस पाहिजे."

आणि ती हसली नाही. तिनं हे सरळ, हिशेबी आवाजात म्हटलं. वर्षाराणीला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ही पोरगी दुखावलेली आहे, चांगलीच दुखावलेली आहे. कसं कोण जाणे, तिला त्यानं जरा बरं वाटलं.

काम परत मिळायला आठवडा लागला. मग कारखान्याच्या कोपऱ्यात, मशीनला न जोडलेल्या एका टॅबसमोर वर्षाराणीला बसवलं. प्राजक्ता पलीकडच्या टेबलावर, पाठ करून. दोघींत कामापुरतंही बोलणं नव्हतं.

वर्षाराणीनं २ टाकला. चौकट लाल झाली. हे माप होऊ शकत नाही, पुन्हा भरा. तिनं रिकामं सोडलं. लाल. ओके लिहिलं. लाल. पोरं रजिस्टरमध्ये 'वरच्यासारखंच' म्हणून दोन रेघा ओढतात, तशा ओढल्या. लाल. दादासाहेबांचा मोबाईल नंबर टाकला. लाल. तिचा चेहरा खुलत चालला. जावेची खोट काढायची, तीही कंपनीच्या वेळात, साहेबांच्या परवानगीनं! सकाळचा चहा तिनं टाळला, दुपारी डबा उघडा ठेवून विसरली.

तीनच्या सुमाराला तिनं २४.८०२ असं नीट टाकलं आणि बुश न बदलता, तेच बटण घाईघाईनं दोनदा दाबलं, बाळू दाबतो तसं. चौकट हिरवी झाली. एकाच बुशची नोंद दोनदा घेतली, आणि टूल सरकवायचं उत्तरही दोनदा दिलं. मशीन जोडलेलं असतं तर टूल दुप्पट सरकलं असतं.

तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. प्राजक्ता पाठमोरी बसून काहीतरी टाइप करत होती. मानेवर केस चिकटलेले, खांदे पडलेले. पुन्हा एक गोष्ट फक्त वर्षाराणीला ठाऊक होती. घरात कुणाला नाही, केबिनमध्ये कुणाला नाही, त्या इंजिनेरलाही नाही. ती गोष्ट हातात धरून ती थोडा वेळ बसली. मोह गेला होता असं नाही.

"प्राजक्ता," तिनं हाक मारली. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा नावानं. "इकडं ये. फसलं बघ तुझं."